किळस वेगळी, धोका वेगळा



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणूस कुठल्याही विषयावर तासभर शांत बसू शकतो, असा आपला लौकिक आहे. आज त्या लौकिकाची कसोटी आहे. लंडनची थंडी, कामाचा दिवस, आणि विषय काय, तर समुद्रातल्या माशांमधले जंत! त्यात व्याख्यानानंतर जेवण आहे आणि जेवणात मासे आहेत, असं मला इथे आल्यावर कळलं. संयोजकांच्या धाडसाला नमस्कार. (हशा)

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते पेशाने डॉक्टर आणि जेवणात पक्के मासेखाऊ होते. विषय त्यांना रुचला असता, असं मी धरून चालतो.

मी परजीवींचा अभ्यासक. त्यामुळे या देशातली आपली माणसं मला फोनवर फोटो पाठवतात. कॉडच्या पांढऱ्या तुकड्यात तपकिरी, दोऱ्यासारखं काहीतरी. मॅकरल, म्हणजे इथला बांगडा, त्याच्या पोटात गुंडाळलेल्या पांढऱ्या अळ्या. फोटोखाली प्रश्न ठरलेला: हा माणसाला बाधतो का? मी उलट विचारतो, कोणता जंत? कुठे सापडला? मासा शिजवला होता का? मग समोरचा वैतागतो. त्याला हो किंवा नाही ऐकायचं असतं. पण या प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय दिलेलं उत्तर हे उत्तर नव्हे, ती फक्त समजूत काढणं झालं. हा जंत शेवटी कोणाच्या पोटात वाढतो? माशात तो नेमका बसतो कुठे? आपल्या पोटात तो जिवंत पोहोचतो का? आणि तो माणसाला बाधतो, किंवा बाधत नाही, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. जंत पाहून वाटणारी किळस आणि जंतापासून असणारा धोका यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. जंताचं आयुष्य एका प्राण्यात पार पडत नाही. ॲनिसाकिस घ्या. प्रौढ ॲनिसाकिस देवमाशाच्या आणि डॉल्फिनच्या जठरात राहतो. तिथे मादी अंडी घालते, ती विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. अंड्यातून निघालेली अळी क्रिल, म्हणजे जवळ्यासारखे जे बारीक जीव, ते गिळतात. क्रिलला हेरिंग खातो, मॅकरल खातो, माकूल खातो. त्यांना मोठा मासा खातो. अळी एका पोटातून दुसऱ्या पोटात जाते, पण वाढत नाही. ती थांबलेली असते. कशासाठी? देवमाशाच्या उबदार जठरासाठी. तिथे पोहोचली की कात टाकून प्रौढ होते.

आता या साखळीत माणूस कुठे येतो? कुठेच नाही. पण माणसाचं जठरही उबदार असतं आणि आम्लाने भरलेलं असतं. अळीची फसगत होते. ती जठराच्या अस्तरात तोंड खुपसते, आपण हव्या त्या ठिकाणी पोहोचलो अशा समजुतीनं. प्रौढ होणं तिला जमत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती मरते. पण तेवढ्या काळात माणसाच्या पोटात जे दुखतं ते विचारू नका. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांतच बेंबीच्या वर असह्य कळा, मळमळ, उलटी. अळी आतड्यापर्यंत उतरली तर एक-दोन दिवसांनी दुखणं सुरू होतं आणि डॉक्टरला अपेंडिक्सचा संशय येतो.

यावरून एक ठोकताळा निघतो. ज्या जंताचं शेवटचं घर उबदार रक्ताचा सस्तन प्राणी आहे, देवमासा, डॉल्फिन, सील, त्याच्याकडे संशयानं पाहा. ज्याचं शेवटचं घर थंड रक्ताचा मासा आहे, त्याची फार धास्ती घेऊ नका. उत्तर अटलांटिकमध्ये रेज ब्रीम नावाचा मासा मिळतो. त्याच्या मांसात लांबच लांब पांढरे फीतकृमी असतात. बोटभर लांबीचे. ते पाहिल्यावर जेवणावरची वासना उडते. पण ते जंत प्रौढ होतात शार्कच्या, म्हणजे आपल्या मोरीच्या आतड्यात. माणसाच्या पोटात त्यांचं काही चालत नाही. तसाच हिस्टेरोथायलेशियम. तो माशाच्याच आतड्यात प्रौढ होतो, म्हणून तोही निरुपद्रवी मानतात.

मानतात, असं मी म्हणालो. निसर्गात ठोकताळ्याला अपवाद असतो. १९९६ मध्ये जपानमधून एक नोंद आली की या हिस्टेरोथायलेशियमचा एक जंत माणसाच्या शौचातून बाहेर पडला. एक रुग्ण. या एका रुग्णावरून मत बदलायचं का? मी बदलत नाही. शून्य आणि जवळजवळ शून्य यात फरक आहे, पण ताटासमोर बसलेल्या माणसाला त्या फरकाचा काही उपयोग नाही.

आता कॉडकडे येऊ, कारण या देशात फिश अँड चिप्सची दुकानं जिथे तिथे आहेत आणि मला येणारे निम्मे फोटो कॉडचेच असतात. कॉडमधली तपकिरी अळी बहुतेक वेळा स्यूडोटेरानोव्हा असते. इथले मासळी व्यापारी तिला कॉडवर्म म्हणतात. तिचं शेवटचं घर सील, त्यातही ग्रे सील. जगातल्या ग्रे सीलपैकी एक तृतीयांशाहून जास्त ब्रिटनच्या किनाऱ्यांवर राहतात, त्यामुळे कॉडवर्म या बेटांची जुनी पाहुणी आहे. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत कँडलिंग नावाचं एक काम चालतं. खालून दिवा लावलेल्या पांढऱ्या टेबलावर माशाचा काप ठेवायचा, अळीची सावली दिसली की चिमट्यानं काढायची. जाड मांसात खोल बसलेली अळी त्यातूनही निसटते, आणि मग तिचा फोटो माझ्याकडे येतो.

या कॉडवर्मवरून या देशात राजकारण झालं आहे. मच्छीमारांची तक्रार अशी की सील मासे खातात, जाळी फाडतात आणि कॉडमध्ये अळ्या पसरवतात. तिन्ही आरोपांत तथ्य होतं. १९७८ मध्ये ऑर्कनी बेटांवर हजारो ग्रे सील मारायची सरकारी योजना ठरली, नॉर्वेहून शिकारी बोलावले गेले. लोक खवळले. ग्रीनपीसचं 'रेनबो वॉरियर' जहाज शिकाऱ्यांच्या मागावर गेलं आणि शेवटी सरकारला योजना गुंडाळावी लागली. हेच जहाज पुढे १९८५ मध्ये ऑकलंडच्या बंदरात फ्रेंच हेरांनी बुडवलं, तेव्हा सगळ्या जगाला त्याचं नाव माहीत झालं. पण त्याचा आधीचा जन्म फार कोणाला माहीत नाही. ते १९५५ मध्ये ॲबर्डीनला बांधलं गेलं, 'सर विल्यम हार्डी' या नावानं, सरकारचं मत्स्यसंशोधन जहाज म्हणून. पकडलेला मासा ताजा कसा ठेवावा, याचं संशोधन ॲबर्डीनच्या टोरी संशोधन केंद्रात चालायचं, आणि हे जहाज त्या कामाचं. त्याच टोरी केंद्रानं माशांतल्या गोल कृमींबद्दल व्यापाऱ्यांसाठी साध्या भाषेत एक सूचनापत्रकही काढलं होतं. जंत कमी व्हावेत म्हणून सील मारायला निघालेल्यांना मासळीच्या संशोधनासाठी बांधलेल्या जहाजानंच अडवलं! इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

मूळ मुद्दा राहू नये. ही ठळक, तपकिरी, चार-सहा सेंटिमीटर लांब, डोळ्यांत भरणारी कॉडवर्म माणसाला बाधू शकते का? शकते. पण तिची प्रकरणं कमी, त्रास बहुधा सौम्य. काही रुग्णांना घशात काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं, खोकला आला आणि जिवंत अळी बाहेर पडली. प्रकार किळसवाणा खरा, पण तेवढ्यावर निभावलं. उलट ॲनिसाकिस सिम्प्लेक्सची अळी दोन-तीन सेंटिमीटरची, पांढुरकी, चकलीसारखी वेटोळं घालून बसलेली. हेरिंगच्या फिकट मांसात ती चटकन नजरेत येत नाही. माणसाला जास्त आजारी पाडते ती ही. म्हणजे जी दिसते तिला आपण घाबरतो, आणि जी दिसत नाही ती पोटात जाते.

दुसरा प्रश्न, अळी माशात कुठे असते? यासाठी समुद्र ओलांडून पलीकडे, नेदरलँड्सला जाऊ. हा माझा आवडता भाग आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

डच लोक हेरिंग जवळजवळ कच्चा खातात. हलकं मीठ लावलेला हेरिंग शेपटीनं धरायचा, मान वर करायची आणि गट्टम करायचा. शतकानुशतकं हे चाललं आहे. कोणाला काही झाल्याची नोंद नाही. मग १९५५ मध्ये पोटातल्या तीव्र वेदनांनी आलेल्या एका रुग्णाच्या आतड्याच्या भिंतीत एक अळी सापडली. लायडनचे परजीवीशास्त्रज्ञ फान टील आणि त्यांचे सहकारी मागावर लागले. आणखी रुग्ण मिळाले. सगळ्यांनी हेरिंग खाल्लेला. १९६० मध्ये त्यांनी जाहीर केलं की हेरिंगमधला जंत माणसाच्या पोटात तीव्र दुखणं निर्माण करतो.

आता विचार करा. मासा तोच, जंत तोच, खाणारे तेच, खायची तऱ्हा तीच. मग शेकडो वर्षं जे झालं नाही ते १९५५ मध्येच कसं झालं? जंत नवा आला का? नाही. बदललं होतं ते बोटीवरचं काम. पूर्वी हेरिंग जाळ्यातून निघाला की बोटीवरच त्याचं पोट साफ करत आणि मीठ लावत. पुढे मासे न साफ करता बर्फात घालून किनाऱ्यावर आणू लागले, आणि साफसफाई दोन-चार दिवसांनी होऊ लागली. जिवंत हेरिंगमध्ये बहुतेक अळ्या आतड्याभोवती असतात. मासा मेला, थोडा वेळ गेला, की त्यातल्या काही आतड्याभोवतून निघून पोटाच्या मांसात शिरतात. ॲबर्डीनच्या सागरी प्रयोगशाळेत जे. डब्ल्यू. स्मिथ आणि आर. वूटन यांनी पुढे हेच प्रयोगानं तपासलं. हेरिंग आणि मॅकरलसारख्या तेलकट माशांत अळ्यांचं हे स्थलांतर होतं, कमी तेलाच्या माशांत तसं होईलच असं नाही. म्हणजे पोट साफ करायला झालेला उशीर हा रोगाचा कारभारी होता.

आपल्या कोकणातल्या आया-आज्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण बाजारातून मासळी आली की आधी ती साफ करायची, मग बाकीची कामं, हा शिरस्ता त्यांनी मोडला नाही. मी त्याला प्राचीन विज्ञान वगैरे म्हणणार नाही. मासा नासू नये म्हणून त्या करत होत्या. पण सवय बरोबर होती.

पोटाच्या कडेचं पातळ, तेलकट मांस असतं ना, तिथेच सर्वाधिक अळ्या सापडतात. घरी मॅकरल आणला आणि कमी शिजवून खायचाच हट्ट असेल, तर निदान तो भाग काढून टाका. हट्टच करू नये, हे माझं मत, त्याकडे येतोच.

ब्रिटनचीच आणखी एक हकिकत. २००७ च्या सुमाराला स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्सच्या नद्यांत परतणारे जंगली सॅमन गळाला लागू लागले, ते गुदद्वाराशी सुजलेले, लाल, रक्ताळलेले. गळ टाकणारी मंडळी हादरली. प्रदूषण? नवा विषाणू? तऱ्हेतऱ्हेच्या वावड्या उठल्या. शास्त्रज्ञांनी मासे उघडून पाहिले, तर त्या सुजलेल्या भागात ॲनिसाकिस सिम्प्लेक्सच्या अळ्या गच्च बसलेल्या. या विकाराला नाव पडलं रेड व्हेंट सिंड्रोम. जंत जुनाच, सॅमनच्या आतड्याभोवती तो नेहमी असे. नवी होती ती त्याची जागा आणि गर्दी. नदीच्या गोड्या पाण्यात काही काळ राहिलेल्या माशांच्या जखमा भरून येतानाही दिसल्या.

पण गळवाल्यांचा प्रश्न वेगळा होता. हा मासा आम्ही खायचा का? बघा, पुन्हा तोच प्रश्न. उत्तर असं की सुजलेला मासा दिसला म्हणून धोका वाढला नाही. तो न सुजलेल्या जंगली सॅमनमध्येही होता. सूज ही फक्त त्याची जाहिरात. पोट लगेच साफ करा, नीट शिजवा, किंवा आधी गोठवा. सुजलेला असो, नसो, नियम एकच.

आता जरा किचकट पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. आपल्याला हे कळतं कशावरून? 'या जंताची माणसात नोंद नाही' असं वाक्य पुस्तकांत असतं. वाचणारा त्याचा अर्थ घेतो, 'हा जंत माणसाला बाधत नाही.' दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. १९५४ मध्ये कोणी डच डॉक्टरांना विचारलं असतं, तर त्यांनीही सांगितलं असतं की आमच्याकडे नोंद नाही!

नोंद नसण्याची कारणं अनेक. लोक तो मासा शिजवूनच खात असतील. डॉक्टर विचारत नसतील. शोधायचं साधन नसेल. जपानचंच पाहा. तिथे कच्चा मासा रोजचा. पण १९६० च्या दशकापर्यंत पोटदुखीचे असे कितीतरी रुग्ण अल्सर किंवा गाठ समजून शस्त्रक्रियेला जात, आणि पोट उघडल्यावर आत अळी सापडे. पुढे लवचिक दुर्बीण आली. जठराच्या कर्करोगाच्या भीतीनं जपानमध्ये तिचा वापर फार वाढला, आणि एकाएकी अळीच अळी दिसू लागली. जंत वाढले का? मुख्यतः नजर वाढली. आज तिथे दरवर्षी हजारो रुग्ण सापडतात, आणि दुर्बिणीतूनच चिमट्यानं अळी काढली की बहुतेकांचं दुखणं तिथल्या तिथे थांबतं. जगातले सर्वाधिक रुग्ण जपानचेच. ब्रिटनमध्ये फार थोडे. यात इथल्या लोकांच्या शिजवून खाण्याचा वाटा मोठा आहे. पण न विचारण्याचाही काही वाटा आहे, असं मला वाटतं.

मग नोंदीची वाट पाहत बसायचं का? नाही. प्रयोग करता येतो. बाल्टिक समुद्रात ग्रे सील पुन्हा वाढले, तसा तिथल्या कॉडच्या यकृतात काँट्रासीकम नावाचा जंत वाढला. त्याचे मानवी रुग्ण जवळजवळ नाहीत. डेन्मार्कच्या संशोधकांनी कॉडच्या यकृतातल्या त्या अळ्या डुकरांना खाऊ घातल्या, कारण डुकराचं जठर माणसाच्या जठराशी बरंच मिळतंजुळतं असतं. काही अळ्या डुकराच्या जठराच्या अस्तरात घुसलेल्या सापडल्या, आणि भोवती सूज आलेली. याचा अर्थ माणसाला तो बाधतोच, असा नाही. पण 'बाधत नाही' असं म्हणायची सोय आता उरली नाही. पुराव्याच्या पायऱ्या असतात. सर्वांत वर, रुग्णाच्या पोटातून काढलेली आणि डीएनए तपासून जात ठरवलेली अळी. त्याखाली प्राण्यांवरचे प्रयोग. त्याखाली जीवनचक्रावरून काढलेला अंदाज. वर्तमानपत्रातला फोटो त्या जिन्यावर येतच नाही.

डीएनएचं महत्त्व यासाठी की सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या अळ्या वेगवेगळ्या जातींच्या निघतात. माणसाला आजारी पाडणाऱ्या म्हणून पक्क्या सिद्ध झालेल्या प्रमुख जाती दोन: थंड उत्तर समुद्रांतली सिम्प्लेक्स आणि भूमध्य समुद्रातली पेग्रेफी. उष्ण समुद्रांत, आपल्या हिंदी महासागरातही, टिपिका नावाची तिसरी बहीण आहे. तिच्याविरुद्धचा पुरावा फारच तोकडा. म्हणून 'ॲनिसाकिस सापडला' एवढ्यानं भागत नाही. कोणता ॲनिसाकिस?

यात आणखी एक गुंता आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांतले आकडे एकत्र करून दाखवलं की १९७८ ते २०१५ या काळात माशांतल्या ॲनिसाकिसचं प्रमाण २८३ पट वाढलं. कॉडवर्मचं मात्र तसं वाढलं नाही. एक संभाव्य कारण त्यांनी मांडलं: १९८६ पासून व्यापारी शिकारीवर बंदी आली, देवमासे सावरू लागले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पोटातले भाडेकरूही. म्हणजे समुद्राची तब्येत सुधारते आहे याची ही पावती असू शकते. निसर्गप्रेमी आणि सुशीप्रेमी एकच व्यक्ती असेल तर तिची पंचाईत आहे खरी.

आता राहिलेला प्रश्न, अळी आपल्या पोटात जिवंत पोहोचते का? हा सोपा आहे, कारण इथे आकडे पक्के आहेत. माशाच्या गाभ्यात ६० अंश सेल्सियस तापमान एक मिनिट राहिलं की अळी मरते. गाभ्यात उणे २० अंशाला २४ तास, किंवा उणे ३५ अंशाला १५ तास गोठवलं तरी मरते. अमेरिकेत उणे २० ला सात दिवस सांगतात. तिथे जास्त सावधगिरी. व्हिनेगरनं मरते? पटकन नाही, कित्येक दिवस तग धरते. लिंबाच्या रसानं? नाही. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अँचोव्हीनं कितीतरी लोक आजारी पडले, म्हणून तिथे गोठवणं सक्तीचं झालं. थंड धुरात धुरवलेल्या माशातही ती वाचू शकते. हळद, मीठ, आगळ लावून मासा तासभर मुरवला, तर चव येते, अळीला काही होत नाही. तिला मारतो तो तवा.

डचांनी १९६८ मध्ये हेरिंग गोठवणं सक्तीचं केलं आणि तिथला आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्याच शहाणपणावर युरोपचा २००४ चा कायदा उभा राहिला, आणि ब्रेक्झिटनंतरही ब्रिटननं तो नियम ठेवला. कच्चा विकायचा मासा आधी गोठवलाच पाहिजे. इथे एक सवलत आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० मध्ये दोन निष्कर्ष दिले. एक, जंगली मासे पकडण्याचं एकही समुद्रक्षेत्र ॲनिसाकिसमुक्त मानता येणार नाही. दोन, कोरडं, कारखान्यात बनवलेलं खाद्य खाऊन वाढलेल्या शेतीच्या अटलांटिक सॅमनमध्ये धोका नगण्य आहे. कारण उघड आहे: त्याला क्रिल मिळतच नाही, साखळीची कडीच तुटते. नंतर अशा माशाला गोठवण्यातून सूट मिळाली. गंमत म्हणजे जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खात नसत, कारण त्यांच्या पॅसिफिक सॅमनमध्ये परजीवी असत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला शेतीचा सॅमन त्यांच्या गळी उतरवला, आणि आज सॅमनशिवाय सुशीचं ताट पुरं होत नाही.

म्हणून सांगतो, इथल्या सुपरमार्केटमधली किंवा नीट चालणाऱ्या हॉटेलातली सुशी तुमची मुलं खात असतील, तर खाऊ द्या. मला भीती वाटते ती दुसऱ्याच ठिकाणी. सुट्टीत कॉर्नवॉलला किंवा स्कॉटलंडला गेलात, धक्क्यावर उभं राहून मुलांनी गळानं चार मॅकरल काढले, कोणीतरी यूट्यूबवर पाहून संध्याकाळी लिंबू पिळून तसेच कच्चे ताटात वाढले. त्या स्वयंपाकघरात कायदा येत नाही, तपासनीस येत नाही. 'एकदम ताजा आहे' हा तिथला युक्तिवाद असतो. ताज्या माशात अळीही ताजीतवानी असते!

ॲलर्जीबद्दल थोडक्यात. काहींना ॲनिसाकिसची ॲलर्जी होते, अंगावर पित्त उठण्यापासून जीव धोक्यात येण्यापर्यंत. अळीतली काही प्रथिनं शिजवूनही टिकतात, त्यामुळे 'मेलेली अळीही घातक' अशी भीती पसरली. स्पेनमध्ये अशा रुग्णांना मेलेल्या अळ्यांची पूड देऊन नियंत्रित चाचणी झाली, प्रतिक्रिया दिसली नाही. बहुतेकांच्या बाबतीत ॲलर्जीची सुरुवात जिवंत अळीनं होते, असंच आज मानलं जातं. मासे खाल्ल्यावर पुन्हा पुन्हा अंगावर उठत असेल, तर मात्र स्वतः प्रयोग करू नका, ॲलर्जीतज्ज्ञाकडे जा.

तर निकाल काय? आपलं कालवण, तिखलं, तव्यावर खरपूस तळलेला बांगडा, नीट शिजलेलं फिश अँड चिप्स: जंतसंसर्गाचा धोका नाही, मग आत अळी निघो वा न निघो. निघालीच तर बाजूला काढा. वाटलं तर दुकानदाराकडे तक्रार करा, कारण उघड उघड जंत असलेला मासा विकायला इथे कायद्यानं बंदी आहे. शेतीचा सॅमन कच्चा: चालेल. जंगली मासा कच्चा किंवा अर्धा कच्चा, आधी न गोठवलेला: नाही. घरच्या फ्रीजरवर भिस्त ठेवायची असेल तर तो खरोखर उणे २० ला जातो का ते आधी पाहा. बरेच फ्रीजर उणे १८ लाच ठेवलेले असतात, तेव्हा तिथे एक दिवसावर न थांबता चार दिवस ठेवलेला बरा.

शेवटी एक विनंती, आणि मग आपण जेवायला उठू. कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत किंवा दोन दिवसांत पोटात जोरात दुखू लागलं, तर डॉक्टरकडे जा आणि ते विचारतील याची वाट पाहू नका. कोणता मासा खाल्ला, कच्चा होता का, केव्हा खाल्ला, हे तीन तपशील तुम्ही आपणहून सांगा. दुर्बिणीतून अळी निघाली तर ती टाकून देऊ नका, तपासायला पाठवा, असंही त्यांना सांगा.